निमगोरी

मेहकरला आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा होता. त्याच्या पुस्तिकेत माझ्या ताईच्या माहितीत, 'वर्ण' या रकान्यात छापलं होतं : निमगोरी. फॉर्म बाबांनी भरला होता. ताई सावळी आहे. दुसरबीडच्या शाळेत ती शिकवते, तिच्या वर्गातल्या कोणत्याही पोराला विचारा.

मी शब्दकोश काढला. 'निम' फारशीतून आलेला, अर्थ अर्धा. निमसरकारीतला तोच. म्हणजे बाईचा चेहराही अर्धा मंजूर, अर्धा प्रलंबित. 'सावळी' मात्र 'श्यामल'पासून घासत घासत आपल्या तोंडी आलेला, पुरा शब्द. त्या रंगाच्या देवापुढे हात जोडायचे आणि मुलीच्या फॉर्मवर तो लिहायला लाजायचं, याचा मला संताप आला. वीजबिलावर, एसटीच्या फेऱ्यांवर पत्रकं लिहून झाली होती, यावरही लिहिलं. उदाहरण म्हणून ताईचाच रकाना घेतला. नाव वगळलं, 'दुसरबीड येथील शिक्षिका' एवढंच ठेवलं. शंभर प्रती काढल्या आणि मेळाव्याच्या सकाळी मंगल कार्यालयाच्या दारात उभा राहून वाटल्या.

पुस्तिकेत दुसरबीडची शिक्षिका एकच होती. हे माझ्या डोक्यात आलं ते बायकांच्या रांगेतल्या माना ताईकडे वळायला लागल्या तेव्हा.

ताईनं पत्रक वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि मला जिन्याखाली नेलं.

"बाबांनी मले न विचारता गोरं केलं, तू मले न विचारता सावळं केलं. तुमच्यात फरक काय बे?"

  ती म्हणाली, मी स्टेजवर जात नाही, घरी जायला बुलढाण्याची बस किती वाजता आहे ते बघ. आमच्याकडे ज्यानं-त्यानं स्टेजवर जाऊन पुस्तिकेतली आपली माहिती माइकवर वाचायची रीत आहे. मी वेळापत्रक बघायला मोबाईल काढला आणि तेवढ्यात तिचा नंबर पुकारला. ती क्षणभर थांबली. मग पदर खोचून वर गेली.

शिक्षण, नोकरी, उंची वाचून झाली.

"वर्ण निमगोरी छापलं आहे. घरच्यांनी मायेनं लिवलं. मी सावळी आहो. तुम्हाले दिसूनच राह्यलं असन."

हजेरी घेते त्याच आवाजात. कोणीतरी हसलं, मग सगळी मागची रांग हसली, आणि ताईही.

पुढचा मुलगा आला. त्यानं सांगितलं की पुस्तिकेतली त्याची उंची बुटांसकट आहे. त्याच्या मागून आलेल्या मुलीनं सांगितलं की स्वयंपाकाची आवड तिच्या आईला आहे. दुपारच्या जेवणापर्यंत अशा दुरुस्त्या चालल्या. संयोजक काका आधी हातवारे करत होते, नंतर तेच खुर्चीत रेलून ऐकायला लागले.

लग्न ठरलं का? नाही. दोन घरांनी फोन नंबर मागून घेतला, एका घरानं तोंड फिरवलं. ताईला दोन्ही चाललं.

परतीच्या बसमध्ये तिनं पर्समधून पत्रक काढलं, 'दुसरबीड येथील शिक्षिका' पेनानं खोडलं आणि माझ्या हातात दिलं.

"पुढच्या साली तो रकानाच काढा, असं लिव. पण वाटायच्या आधी मले दाखवजो."

बाबा पुढच्या सीटवर होते. सकाळी दारात पत्रक त्यांच्याही हाती पडलं होतं. मागे न वळता म्हणाले, "मलेही."