भागधारकांची सभा

हसले. माझ्या मायला हसले ते.

हॉलच्या दारात वॉचमनने तिच्या हातातली कामटी अडवली होती. कामटी म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी. बोटभर रुंद, आणि माय रस्त्यावर जेवढी जागा घेऊन बसते तेवढीच लांब. वॉचमन म्हणाला, "लकड़ी अंदर नहीं जाएगी, माताजी." माय त्याला समजावत होती, "लाकूड नही रे भाऊ, माप शे." लग्नाकार्यात नेसते ते हिरवं पातळ नेसून आली होती ती. तेवढ्यात आमच्या प्रोजेक्टच्या मॅडम आल्या. माप कशाला, म्हणाल्या. मायने सरळ सांगून टाकलं, आज रस्त्याचे भाग पाडणार ना, मग माझा भाग मोजून घ्यायला.

मॅडमनी ते इंग्रजीत साहेबांना सांगितलं. साहेब हसले. मॅडम हसल्या. लॅपटॉप जोडणारे दोघे हसले. "सो स्वीट," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले आणि स्वच्छ पुणेरी मराठीत, मायच्या देखत म्हणाले, "अगं, यांना सांग, भागबिग काही नाही. ही सगळी अतिक्रमणं आहेत."

अतिक्रमण हा शब्द आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतो. त्यात नवल काही नाही. पण माझ्या मायकडे बोट करून म्हटलेला तो मी पहिल्यांदा ऐकला, आणि ऐकला तेव्हा माझ्या गळ्यात त्याच साहेबांच्या कंपनीचं ओळखपत्र लटकत होतं.

मायला सगळं कळलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. एवढंच म्हणाली, "बरं म्याडम."

मला म्हणाली. पोटच्या पोरीला.

हे घरी ठरलं होतं. म्हणजे तिनेच ठरवलं होतं. "तठे मी तुले वळखस नही. तू बी माले वळखू नको. तुनी नोकरी ऱ्हाऊ दे." मी रडले होते, भांडले होते. तिने ऐकलं नाही. रस्त्यावर बसणाऱ्या बाईची पोर आहे हे कळलं तर मला ऑफिसातून काढतील, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. ते खोटं होतं असं आज मी म्हणणार नाही.

आम्ही धुळ्याकडचे. बुरूड. इकडे कंपन्या उघडल्या तसा बाप सिल्वासाला आला आणि खडोलीत दोरा काढणाऱ्या एका कारखान्यात ठेक्यावर लागला. ठेक्याचं काम म्हणजे आज आहे, उद्या नाही. म्हणून माय मेन रोडला बसली. सुपं, टोपल्या, रोवळ्या, खराटे. टोकरखाड्याच्या मागच्या अंगाला भाड्याची एक खोली, त्यात अर्धी खोली बांबूचीच. मी टोपल्यांच्या उतरंडीमागे झोपून मोठी झाले. तिच्या आजूबाजूला बसणाऱ्या बाया बहुतेक खान्देशातल्याच. कोणी भाजी, कोणी बांगड्या, कोणी सुकी मासळी. नरोलीच्या खोल्यांतून सकाळी रिक्षा करून यायच्या, एकेका रिक्षात कोंबड्यांसारख्या भरून.

मी शिकले. मराठी टायपिंग शिकले. मेन रोड आणि दोन्ही बाजूंचा मोहल्ला नव्याने करायचं निघालं, तेव्हा आराखडा करणाऱ्या कंपनीला मराठी, हिंदी, गुजराती आणि खान्देशी बोलणारी इथलीच मुलगी हवी होती. मुलाखतीत मॅडमनी आडनाव विचारलं. मग म्हणाल्या, "म्हणजे कोण?" मी म्हणाले, बुरूड. "ओह, बांबू क्राफ्ट! किती छान!" त्यांचा चेहरा खरंच उजळला होता. पुढे एकदा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू ना, त्यांच्यातली वाटतच नाहीस." हे कौतुक होतं. मी थँक्यू म्हणाले. काय म्हणणार? पगार सुरू झाला होता आणि बापाचं काम पुन्हा सुटलं होतं.

ऑफिसात भिंतभर रस्त्याचं चित्र लावलेलं. सुंदर चित्र. झाडं, सायकली, कुत्रं घेऊन चाललेली बाई, कागदी पेल्यातून कॉफी पिणारा माणूस. रेलिंग लोखंडाचं, पण बांबूसारखं दिसेल असं. "लोकल आयडेंटिटी," मॅडम म्हणाल्या. मी माय बसते ती जागा शोधली. वळणावरचं औषधाचं दुकान, त्याच्या शेजारचा विजेचा खांब, त्याच्या पायथ्याशी. तिथे एक बाक काढला होता आणि बाणाने लिहिलं होतं, बसण्याची जागा. मी बघतच राहिले. अहो, तिथे माझी माय माझ्या जन्माआधीपासून बसते! पण तिचं बसणं ते बसणं नव्हतं. तिच्या बांबूपेक्षा यांचं लोखंड जास्त बांबू होतं.

मी विचारलं, "मॅडम, इथे ज्या बाया बसतात त्या कुठे?" मॅडम म्हणाल्या, "ते फेज टूमध्ये बघू." फेज टूचं चित्र ऑफिसात कुठेच नव्हतं.

आता त्या शब्दाचं सांगते. सभेचा फलक पुण्याहून छापून आला. "मेन रोड नूतनीकरण. सर्व भागधारकांची सभा." त्यांना म्हणायचं होतं, या रस्त्याशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो ते सगळे. पण भागधारक म्हणजे काय? आमच्याकडे भाऊ वेगळे निघतात तेव्हा घराचे, भांड्यांचे, चिंचेच्या झाडाचेही भाग पडतात. ज्याला भाग मिळतो तो भागधारक. फलक नेमका मायच्या खांबावरच लागला. बाया म्हणाल्या, वाच. मी वाचलं. पुन्हा वाच, म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. मी सांगत होते, की अहो नुसतं बोलायला बोलावलंय. ऐकतंय कोण? छापलेला शब्द होता. सरकारने बोलावून भाग द्यायचं ठरवलं, असंच सगळ्यांनी धरलं. शेजारच्या सुमनमावशीने शेवयांची खीर केली. माय बांबू चिरायला बसली आणि आपली जागा मोजून तिने एक चांगली, गाठी नसलेली कामटी काढली.

तीच कामटी दाराबाहेर भिंतीला टेकवून ती आत येऊन बसली.

सभा सुरू व्हायच्या आधी साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मी इंग्रजीत बोलणार. तू यांच्या भाषेत सांगायचं. शब्दाला शब्द. मनाचं काही घालायचं नाही." मराठी येत होती त्यांना, पण सभेत इंग्रजीच. मी हो म्हणाले. माझ्या हातात दुसरा माइक दिला.

साहेब बोलले. चालण्यायोग्य रस्ता, सावली, ओळख. मी सांगत गेले. माझ्याच तोंडून माझ्याच मायला तिची जागा किती सुंदर होणार ते सांगत होते. आमच्या बोलीत सावलीला सावली म्हणतात, पण "शहराचा दृश्य अनुभव" याला काय म्हणतात? मी म्हणाले, दिसाले चांगलं दिसी. बाया माना हलवत होत्या. फोटोग्राफर पुढे-मागे करून त्यांचे फोटो काढत होता. अडकित्त्यात सुपारी सापडते तशी मी सापडले होते. एका बाजूला साहेब, एका बाजूला माय, आणि दोघांच्या मधे माझी जीभ.

मग माय उठली. पदर नीट केला. पडद्यावरच्या चित्राकडे हात केला.

"म्याडम, तेसले इचारा. यान्हामा मना भाग कोठे शे?"

मला "इचारा" म्हणाली. मान देऊन. जिने मला न्हाऊ घातलं, ती मला अहोजाहो करून विचारत होती की माझी जागा कुठे आहे ते या माणसाला विचाराल का. मी साहेबांना इंग्रजीत विचारलं, "या विचारतात, यात माझा भाग कुठे आहे?"

साहेब मॅडमकडे झुकले. हसून इंग्रजीतच बोलले. माइक छातीला लावलेला होता, तो चालूच होता. सगळ्या हॉलने ऐकलं, कळलं फक्त आम्हाला. ते म्हणाले, "यांना बसवून ठेव. फोटो झाले की चहा पाजून बाहेर काढू. रस्त्याचं काम सुरू झालं की आपोआप उठतील." मग मला म्हणाले, "हं, सांग. सगळ्यांचा विचार होईल म्हणावं."

मी माइक तोंडाजवळ नेला. सगळ्यांचा विचार होईल, एवढंच म्हणायचं होतं. ते जिभेवर आलं होतं. मायकडे बघितलं. ती उभीच होती, उत्तराची वाट बघत, सरकारी माणसापुढे उभं राहतात तशी.

मी म्हणाले, "यासले बसाडी ठेव. फोटू व्हयनात का चहा पाजीसन बाहेर काढसूत. रस्तानं काम सुरू व्हयनं का आपेआप उठतीन."

शब्दाला शब्द. मनाचं काहीही घातलं नाही.

कोणी घोषणा दिली नाही. कोणी खुर्ची फेकली नाही. बायांनी एकमेकींकडे बघितलं. साहेबांना बोली कळत नव्हती, पण चेहरे कळले. "काय सांगितलंस तू?" मी म्हणाले, "तुम्ही बोललात ते." ते म्हणाले, "ते सांगायला मी सांगितलं नव्हतं!" मी म्हणाले, "माइकवर बोललात."

सुमनमावशी आधी उठली. तिच्यामागे सगळ्या उठल्या. चहाची किटली दाराशी येऊन थांबली होती. तिच्या बाजूने सगळ्या बाहेर गेल्या, एकीनेही पेला उचलला नाही. साहेबांनी माझ्या गळ्यातली ओळखपत्राची पट्टी काढून मागितली. मी दिली आणि म्हणाले, "ती विचारत होती ना, ती माझी माय आहे."

घरी कौतुक होईल असं वाटलं असेल तुम्हाला. मलाही वाटलं होतं. माय म्हणाली, "तुनी नोकरी गई, आते मनी जागा बी जाई. कोणी सांगेल व्हतं शहानपना कराले?" बाप खाटेवर पडून आढ्याकडे बघत होता.

सभेनंतर बायांनी रस्त्यावर चुन्याच्या खुणा मारू दिल्या नाहीत. खुणा मारणारा आला की सगळ्या जणी आपापल्या मालावर मांडी ठोकून बसायच्या. काम अडलं. मग मॅडमचा फोन आला. आवाज मऊ, लोण्यासारखा. "साहेबांना मी समजावलंय. तू परत ये. पुढच्या सभेत फक्त एवढंच म्हण, की भाषांतरात चूक झाली. ती बोली अवघड असते, लोक समजून घेतील. आईला नव्या रस्त्यावर पक्का गाळा मिळेल, मी बघते."

"बाकीच्यांना?" मी विचारलं.

"तू तुझ्या आईचं बघ ना गं."

मी मायला सगळं सांगितलं. लपवायला काय होतं? ती सुपाचा काठ बांधत होती. म्हणाली, "चुकनं म्हनी दे. तुनं काय जास?"

"माय, मी खरं बोलले ना?"

"खरं बोलीसन कोनं पोट भरनं?"

तिचे गुडघे गेले आहेत. तिला सावली हवी, शटर हवं, म्युनिसिपालिटीची गाडी आली की माल उचलून पळायला लागू नये एवढंच हवं. ते सगळं माझ्या एका खोट्यापाशी येऊन थांबलं होतं. मी नाही म्हणाले. माय माझ्याशी बोलायची थांबली. भाकरी वाढायची, आणि तोंड फिरवून बसायची. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. माझी विहीर माझ्याच घरात होती.

तोवर ऑफिसातल्या माणसांनी रस्त्यावर पसरवलं, की पोरीला भाषांतर जमलं नाही, तिने उलटंसुलटं सांगितलं. बायांमध्ये चुळबुळ सुरू झाली. एक दिवस मी मायला डबा द्यायला गेले, तर सुमनमावशी तिला विचारत होती, "का वं, तुनी पोरनं खरंच चुकनं का?"

माय हो म्हणू शकत होती. मी म्हणाले नाही, तिने म्हटलं असतं तरी भागलं असतं. गाळा मिळाला असता. मी डबा धरून उभी राहिले.

मायने रोवळीवरची नजर काढली नाही. "मनी पोर मनी बोलीमा चुकस नही," म्हणाली.

डबा घेतला. माझ्याशी मात्र बोलली नाही. घरी आली तेव्हाही नाही. राग तिचा गेलेला नाही, आणि तो जावा असं मी मागणार नाही. तिचा गाळा माझ्यामुळे गेला आहे.

मी मॅडमना फोन करून सांगितलं, मी येणार नाही. त्या म्हणाल्या, "विचार कर. रस्ता तर होणारच आहे." होणारच आहे. मला माहीत आहे. आज ना उद्या पोलीस उभे करतील, जेसीबी आणतील, आणि विजेच्या खांबाखालून मायला उठवतील. माझ्या एकटीने ते थांबेल असं मी स्वतःला सांगत नाही. सभा होईल तिथे मी जाणार, बोलावलं नाही तरी जाणार, आणि इंग्रजीत जे बोलतील ते बायांना सांगणार. जागा हिसकावली तर हिसकावली असंच म्हणायचं. चूक झाली, गैरसमज झाला, बोली अवघड होती, यातलं एकही नाव मी त्याला देऊ देणार नाही. माय जन्मभर माझ्याशी बोलली नाही तरी नाही.