नाव न घेतलेली वाडी

"नाव नाही असं लिही," जीपमधला साहेब हसत म्हणाला. "हिला स्वतःच्या गावाचं नाव येत नाही!"

मी शेणाच्या हातांनी अंगणात उभी. त्याच्याबरोबरचे दोघंही हसले. मीही हसले. तेव्हाची मी म्हणजे नुसतं ध्यान! कुणी आपल्याला हसलं, तर आपणही हसायचं, एवढंच शिकलेली.

नाव येत होतं. पण आमची वाडी म्हादूची. मूळपुरुष म्हादू, आणि त्याचंच नाव माझ्या नवऱ्याला ठेवलेलं. नवऱ्याचं नाव बाईनं लग्नात उखाण्यात घ्यायचं, मग जन्मभर गिळायचं. एसटीत कंडक्टरलासुद्धा मी "धरणाच्या अलीकडं" असं सांगून तिकीट काढायची. आता जीपवाल्यापुढं काय उखाणा घालू?

"वाडी कुणाची?" त्यानं विचारलं होतं.

"ह्यांची."

"ह्यांची म्हणजे?"

"आमच्या ह्यांची."

बाकीची माणसं वेल्ह्याच्या बाजारात. घरी मी एकटी.

पानशेतच्या बाजूला तेव्हा पुणेकरांच्या बंगल्यांचं पीक आलेलं. ही माणसं प्लॉट विकणाऱ्या कंपनीची. पुण्यात कुणी कॉम्प्युटरवर गावाचं नाव टाकलं, की त्या हद्दीतल्या विकाऊ जागा दिसाव्यात, म्हणून हातातल्या यंत्रावर गावांच्या हद्दी टिपत फिरत होती. आमची बिननावाची वाडी त्यांनी शेजारच्या विकाऊ माळात ओढली. आणि मी त्यांना गुळाचा चहा केला! साहेबानं कप तोंडाला लावला नाही. अंगणात ओतला.

दिवाळी झाली आणि मोटारी यायला लागल्या. एक जोडपं हातात छापील नकाशा घेऊन सरळ माझ्या खळ्यावर. "इथे झोपाळा लावू," बाई म्हणाली. बोट माझ्या चुलीकडं. मी समोर उभी, माझ्याशी बोललीच नाही.

"कॉम्प्युटरवर तर रिकामं दाखवत होते," नवरा वैतागला.

रिकामं. जिवंत माणसं अशी रिकामी होतात, हे मला कुठं ठाऊक? तेव्हापासून चढावर गाडी घरघरली की मी आतून कडी घालायची.

शेवटी नाव लिहून घ्या म्हणत सगळी वाडी रस्त्यावरच्या कंपनीच्या बुकिंगच्या तंबूत गेली. मी सगळ्यांच्या मागं, पदराआड. आत तोच साहेब.

"आता नाव सांगताय? तुमच्याच बाई म्हणाल्या, नाव नाही. विचारा त्यांना."

सगळ्या माना वळल्या. ह्यांचीही. सासूबाई कानाशी पुटपुटल्या, "गप ऱ्हा. चारचौघांत नाव घेशील तर बघ."

डोळ्यांपुढं अंगणातला तो चहाचा ओला डाग.

"म्हादूची वाडी." आवाज कोंबडीसारखा फाटला. पुन्हा म्हणाले, "म्हादूची वाडी! म्हादू माझा नवरा. नाव न्हाई असं म्या म्हणलं न्हवतं. घेतलं न्हवतं. आता घेतलं. लिवा!"

साहेबानं यंत्र खिशात घातलं. "ऑफिसला कळवतो."

कळवलं की नाही, देव जाणे. मोटारी येतच राहिल्या. घरी पोचेपर्यंत ह्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. सासूबाईंनी तर कित्येक दिवस अबोला धरला.

पण पुढची मोटार आली तेव्हा मी कडी घातली नाही. बांधावर जाऊन उभी राहिले. काच खाली व्हायच्या आत ओरडले, "म्हादूची वाडी! हितं माणसं ऱ्हातात!"

आता दात गेलेत. म्हादू म्हणताना निम्मी हवा बाहेरच निघून जाते. गाडीचा आवाज आला की अजून हात कडीकडं जातो. गेला तर गेला. वाडीत नवी सून आली, की बाकीच्या बाया उखाणा मागतात. मी वाडीचं नाव मागते. लाजली, रडली, तरी उंबरा ओलांडू देत नाही.

मोठ्यानं घे म्हणते. पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.