चकचकीत कड्या

अंबडच्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात मी द्रावणाच्या टाक्या सांभाळते. आमच्याकडे वीज न लावता निकेल चढतं. गरम द्रावणात लोखंडी नग बुडवला की थर आपोआप बसत जातो. मागे मालकांच्या पाठी लागून मी एक नवी टाकी सुरू करून घेतली. तिच्यातल्या द्रावणात सिलिकॉन कार्बाईडची बारीक पूड घोळत ठेवायची. हे कठीण कण थरात अडकतात आणि नग सहसा झिजत नाही. सूतगिरणीच्या यंत्रात धागा ज्यांतून धावतो, त्या बारा कड्या नमुना म्हणून द्यायच्या होत्या. गिऱ्हाइकाला पटल्या नाहीत तर टाकी बंद, असं मालकांनी सांगून ठेवलं होतं.

गिऱ्हाईक न्यायला येणार त्या दिवशी दुपारी कड्या बाहेर काढल्या, तर आरशासारख्या चकचकीत. कणांमुळे त्या करड्या, मंद दिसायला हव्या होत्या. टाकीत वाकून पाहिलं. द्रावण हिरवंगार, नितळ. तळ दिसत होता, पूड कुठेच नव्हती.

टाकीवर चांदवडचे एक काका होते, जुने आणि हाताला स्वच्छ. साध्या निकेलमध्ये कचऱ्याचा कण राहिला तरी द्रावण बिघडतं, म्हणून ते रोज सकाळी फिल्टरचा पंप चालवत. इथे चालवायचा नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. पण पंप तिथेच ठेवला होता, ती चूक माझी.

"पाणी लय गढूळ झालं होतं मॅडम," ते म्हणाले. "तासभर गाळलं, तवा कुठं साफ झालं."

मालकांनी कडी उजेडात फिरवून पाहिली आणि देऊन टाका म्हणाले, दिसायला झकास आहेत. मी आधीच्या चाचणीतली एक करडी कडी आणली आणि दोन्हींवर पॉलिश पेपरचे सारखेच हात मारले. करडीवर जेमतेम खूण उठली. चकचकीत कडीवर चरे पडले. मालक कडी ठेवून केबिनमध्ये गेले. मी गिऱ्हाइकाला फोन करून झालं ते सांगितलं आणि दोन दिवस मागितले. एक मिळाला.

थर उतरवला, नवी पूड घातली, काम पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी न्यायला आलेल्या इंजिनिअरने विचारलं, "पॉलिश करायचं राहिलंय का?"

"चमकल्या असत्या तर दिल्याच नसत्या सायेब," काका म्हणाले.

कड्या यंत्रावर टिकल्या, टाकी राहिली. त्या टाकीच्या फिल्टरचा पाइप काकांनी स्वतः काढून आणला आणि माझ्या डब्याच्या पिशवीशेजारी खुंटीला अडकवला. सकाळी हात आपोआप पंपाकडं जातो, म्हणाले.