कापलेला कोपरा

म्हाताऱ्याने पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि हात चटकन मागे घेतला. मग म्हणाला, "अण्णा, तारीख तुमी कापलीसा. आता पोराची तिथी कशावर धरू, तेवढं सांगा."

पत्राला वरचा उजवा कोपरा नव्हता. कड अगदी सरळ होती. कात्री माझीच होती.

ही दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. मी मूळचा प्राथमिक शाळेतला मास्तर. बेळगावात लष्करी टपाल तपासणीचं एक छोटं ऑफिस निघालं, तिथे मराठी आणि कानडी वाचणारी माणसं हवी होती, म्हणून मला घेतलं. आघाडीवरच्या शिपायांची पत्रं घरी जाण्याआधी आमच्या टेबलावर येत. पाकीट उघडायचं, पत्र वाचायचं, जागेचं नाव, पलटणीचा नंबर, बोटीचा उल्लेख असं काही दिसलं की काढून टाकायचं. मग पाकिटाला लेबल चिकटवून शिक्का मारायचा. याला सेन्सॉर म्हणतात. दुसऱ्याचं पत्र वाचू नये असं मी बारा वर्षं पोरांना शिकवलं होतं. आता त्याच कामाचा पगार घेत होतो.

आधी आम्ही नको तो मजकूर काळ्या शाईने बुजवायचो. एकदा आमच्या कॅप्टनसाहेबांनी असं एक पत्र उजेडासमोर धरलं, तर शाईखालचं नाव स्वच्छ वाचता आलं. साहेब विलायतेत शाळामास्तरच होते. चूक सापडली की मास्तराला होतो तसा आनंद त्यांना झाला. दुसऱ्या दिवसापासून शाई बंद, कात्री सुरू.

आता मराठी पत्रात गाव आणि तारीख कुठे लिहितात? वर, उजव्या कोपऱ्यात. ही शिस्त आम्ही मास्तरांनीच छडी हातात घेऊन लावलेली. पोरं शिपाई झाली, समुद्रापलीकडे गेली, तरी कोपऱ्यात 'मुक्काम पोस्ट' लिहायची विसरली नाहीत. त्यामुळे कात्री सगळ्यात आधी कोपऱ्यावर चालायची. गाव जायचं, बरोबर तारीखही जायची.

आणि कोपरा नसलेल्या पत्राचा आमच्याकडे अर्थ काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मयताची बातमी. असं पत्र घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचतात आणि अंघोळ करतात. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. माझे वडील गेले तेव्हा पाहुण्यांना पाठवायच्या कार्डांचे कोपरे मी स्वतः फाडले होते. पण ऑफिसात शिरताना माणूस घरचं शहाणपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो, त्यातलाच मी.

म्हाताऱ्याचं नाव भरमाप्पा. निपाणीजवळच्या एका खेड्यातला, तंबाखू करणारा. पहिल्या महायुद्धात तो इराकात, बसऱ्याच्या बाजूला लढून आला होता. त्याचा एकुलता मुलगा परशराम या लढाईत बापाशी भांडून भरती झाला होता. तीन आठवड्यांपूर्वी हे पत्र त्याच्या दारात आलं. पत्र बाहेर काढलं, कोपरा पाहिला, आणि कुणाला वाचायलाही न देता त्याने ते गोठ्याच्या वळचणीत खोचून ठेवलं. सुनेच्या बांगड्या फुटल्या. दहावा, तेरावा पत्र आल्याच्या दिवसावरून उरकला. पण वर्षश्राद्धाला खरी तिथी हवी, असं त्याच्या मनाने घेतलं. निपाणीच्या पोस्टात पाकिटावरचा शिक्का दाखवला, त्यांनी त्याला आमच्याकडे धाडलं.

मी विचारलं, "आप्पा, वाचून का घेतलं नाही?"

"काय वाचायचं त्यात? बसऱ्याला आमच्यातला गडी पडला की आमी कारकुनाकडनं अशीच पत्रं लिवून घेत हुतो. म्या सोता कोपरे फाडल्यात. आत काय असतंय ते मला म्हाईत हाय."

मी पत्र उघडलं. 'तीर्थरूप आप्पांस परशरामचा साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे.' अक्षर ओळखीचं वाटलं, कारण हे पत्र मला चांगलं आठवत होतं. त्या महिन्यातलं सगळ्यात झकास पत्र म्हणून साहेबांनी त्याचा इंग्रजी तर्जुमा करवून वरच्या रिपोर्टला जोडला होता.

मी म्हणालो, "आप्पा, हे तुमच्या पोरानं स्वतःच्या हातानं लिहिलंय. तो जिवंत आहे. कोपरा मी कापला. चूक माझी."

रडेल असं वाटलं, शिव्या देईल असंही वाटलं. त्याने विचारलं, "कवा लिवलंय?"

तारीख मीच कापलेली. रजिस्टर काढून बघितलं. दोन महिने होत आले होते.

"म्हंजे तवा जित्ता हुता," तो म्हणाला. "आज?" आणि तोच पुढे बोलला.

"सुनंच्या बांगड्या म्या फोडाय लावल्या, अण्णा. आता जाऊन भर म्हणू? आन उद्या खरं पत्र आलं तर? एकाच नवऱ्यापायी पोरीला दोनदा कुंकू पुसाय लावू व्हय?"

मी साहेबांकडे गेलो. कोपऱ्याची रीत समजावून सांगितली. त्यांनी कात्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हे मी कात्री सुरू झाली तेव्हाच का सांगितलं नाही असं विचारलं. रास्त प्रश्न होता. मी म्हणालो की शिपाई जिवंत आहे का, एवढं तारेने विचारावं. रूल आडवा आला. शिपायाची कुठलीही माहिती आमच्या ऑफिसातून बाहेर द्यायची नाही. मी म्हटलं, कुठे आहे ते नको, आहे का तेवढं हवं. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि तारेचा फॉर्म ओढला. त्याच दिवशी कात्र्या पेटीत गेल्या. शाई परत आली, या खेपेला दुहेरी हाताची.

उत्तर यायला चार-पाच दिवस लागणार होते. बेळगावला लागूनच अनगोळात भरमाप्पाची बहीण दिलेली होती. तो तिच्याकडे राहिला आणि रोज सकाळी येऊन आमच्या फाटकापाशी बसू लागला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काय लिवलंय त्यानं, वाचा तर."

मी वाचलं. परशरामने लिहिलं होतं: 'आप्पा, तुम्ही म्हणालात, सायबाच्या लढाईत आपलं काय? बसऱ्याची लढाई सायबाची होती, ते मला मान्य आहे. ही तशी नाही. आम्ही एका गावात गेलो. आधीचं दुश्मनाचं सैन्य जाताना गावातले बापयगडी भिंतीशी उभे करून मारून गेलं होतं. आम्हाला बघून एक म्हातारी बाहेर आली. आमच्या हातात द्राक्षं दिली आणि रडली. बसऱ्याला तुम्हाला कुणी द्राक्षं दिली का, आप्पा? लढाई लढाईत फरक असतो.'

भरमाप्पा जमिनीकडे बघत ऐकत होता. म्हणाला, "फुडं?" पुढे नमस्कार आणि गुरांची चौकशी होती.

मला स्वतःला ते पत्र पहिल्यापासून बोचत होतं. माझा धाकटा भाऊ बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात होता. जे आपल्याला गुलाम ठेवतात ते दुसऱ्याला मोकळं करायला निघालेत, असली लढाई न्यायाची कशी, हा त्याचा सवाल. भेटीला गेलो की तो मला 'सरकारी कात्री' म्हणायचा. त्याचं म्हणणं मला पटायचं. आणि या पोराचं पत्र वाचलं की तेही पटायचं. त्या म्हातारीला काय सांगणार होता माझा भाऊ? द्राक्षं परत घे म्हणून?

पाचव्या दिवशी तार आली. शिपाई हयात, हजेरीवर. खाली तारीख होती. मी फाटकापाशी पळत गेलो. भरमाप्पाने तारीख दोनदा विचारून घेतली आणि बोटांवर दिवस मोजले.

"तीन दिसामागचं हाय," तो म्हणाला. "असू दे. तीन दिसामागचं म्हंजे लई ताजं."

मग त्याने मला उत्तर लिहायला बसवलं. मला वाटलं, बाप आता विरघळेल. त्याने मोजून चार वाक्यं सांगितली. 'पत्र पोचलं. गावाचं नाव कोपऱ्यात लिवू नगंस. लढाई खरी का खोटी ते द्राक्षं दिल्यावर ठरत न्हाय. तू कुणाच्या घरात न इचारता शिरलास का, तेवढं लिव.'

"आणि खुशाली?" मी विचारलं.

"हेच लिवा," तो म्हणाला. मी लिहिलं. सुनेने बांगड्या भरल्या, एवढी ओळ मीच आपल्या मनाने खाली घातली. अजून भरल्या नव्हत्या, पण पत्र परशरामला पोचेपर्यंत भरतील असा हिशेब केला.

अडीच-तीन महिन्यांनी परशरामचं उत्तर आलं. माझ्याच टेबलावर. कोपरा कोरा होता, पोराने ऐकलं होतं. आत लिहिलं होतं: 'आप्पा, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. शिरलो. एकदा. थंडी लई होती आणि दोन दिवस पोटात काही नव्हतं. घरात एक बाई आणि दोन पोरं होती. आमच्यातल्या एकानं त्यांची शेळी सोडून आणली. मी दार धरून उभा होतो. बाई काय बोलत होती ते कळत नव्हतं, पण कळत होतं. तरीपण ही लढाई खरी आहे, आप्पा. पण ती शेळी आमची नव्हती.'

रूलबुकात याला एक कलम होतं. आपल्या फौजेची नाचक्की होईल असा मजकूर काढून टाकणे, आणि पत्र चिठ्ठी लावून साहेबांकडे देणे. मी शाईची बाटली उघडली. शेळीच्या चार ओळी बुजवल्या असत्या तर मागे काय उरलं असतं? 'ही लढाई खरी आहे, आप्पा.' पुन्हा एकदा झकास पत्र झालं असतं, रिपोर्टला जोडण्यासारखं. पण तो म्हातारा काळ्या पट्ट्याकडे बघून काय समजला असता? एकदा त्याने कोपऱ्यावरून अख्खं मरण वाचलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या पोराचा अभिमान वाटला. माझ्या वर्गात असता तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवला असता.

मी बाटलीला बूच लावलं. पत्र जसंच्या तसं पाकिटात घातलं, लेबल लावलं, शिक्का मारला. त्या नोकरीत रूल मोडला तो तेवढाच एकदा. साहेबांना कधी कळलं नाही. कळलं असतं तर बहुतेक नोकरी गेली असती, आणि भाऊ शेजारच्या कोठडीत माझी जागा धरून बसलाच होता.

त्यानंतर महिन्याभराने भरमाप्पा बेळगावला आला होता. मुद्दाम ऑफिसच्या फाटकाशी येऊन मला बाहेर बोलावलं. पत्र गावच्या मास्तरांकडून वाचून घेतलं होतं. चार ओळी बुजवायला हव्या होत्या आणि बुजवल्या नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही बोललो नाही. सुनेने बांगड्या भरल्या का विचारलं. भरल्या म्हणाला.

मी म्हटलं, "आप्पा, पोरानं लढाई खरी म्हटलंय. आता तुमचा राग गेला ना?"

"खरी असंल की. त्यानं डोळ्यानं बघितलंय, म्या न्हाय." मग तो म्हणाला, "बसऱ्याला म्याबी शिरलतो. खजुराच्या बागंतलं घर हुतं. दार धरून न्हाय उभा राहिलो, आत गेलतो. सव्वीस वर्सं झाली. घरात कुणाला बोललो न्हाय. पोरानं इचारल्याबरूबर लिवलं."

एवढं बोलून तो एस.टी. नव्हती तेव्हाच्या त्या खडखडत्या सर्व्हिस मोटारीत चढून निपाणीला गेला.

परशराम लढाई संपल्यावर धडधाकट परत आला. माझा भाऊही सुटला. कुठली लढाई न्यायाची आणि कुठली नाही, यावर आम्ही दोघं भाऊ पुढे आयुष्यभर भांडलो आणि निकाल लागला नाही. मी एवढंच शिकलो की जो आपली लढाई खरी म्हणतो, त्याला शेळीचं विचारावं. आणि तो जे उत्तर देईल त्यावर शाई ओतू नये.