एकोणिसावा भाग

किस्से काही कोणी जमवत नाही, ते साठतात. आमच्या आष्ट्यात टेलर मास्तरच्या मशीनखाली चिंध्या साठतात ना, तसे! त्या दुकानात आम्ही तिघं रोज बसतो. मास्तर, रिटायर सुभेदार तात्या आणि मी. गावाला हसवायचं काम चाळीस वर्षं माझ्याकडं होतं. फक्त तात्या कधी हसले नाहीत. मग मास्तरनं मोबाईल मशीनला टेकवून एक जुनी विनोदी मालिका परत पहिल्यापासनं लावली, आणि तात्यांची मिशी हलली! मालिकेला! मला चाळीस वर्षांत जे जमलं नाही ते!

*

माझा म्हशीचा किस्सा मी दुसऱ्यांदा काढला, तर मास्तर म्हणाला, "आवं अण्णा, झालाय की त्यो!"

आणि मालिकेतला तोच जिना, त्यावरनं घसरलेला तोच घरमालक दहाव्यांदा बघून हा गडी पोट धरून हसतोय.

मी म्हटलं, "आणि ह्यो न्हाई व्हय झाला?"

"ह्यो झाला तरी नवाच हाय!"

आता बोला!

*

मग मी सूड घेतला. पात्रानं तोंड उघडायच्या आत त्याचा डायलॉग मीच ठोकायचो. दोन दिवसांत माझी रवानगी बाहेरच्या पायरीवर!

तिथनं दिसत काही नव्हतं, नुसतं ऐकू यायचं. बोलणं, मग गप्प, मग हशा. एक-दोन-तीन मोजावं एवढं गप्प! च्यायला, लिहिणाऱ्यांनी गप्प बसणंसुद्धा लिहून ठेवलंय! सातवीपर्यंत गुरुजी मला "गप बस" म्हणायचे, त्यात एवढी विद्या होती होय!

*

घरी तर कहरच. बायको भाकरी थापता थापता त्याच मालिकेला हसत होती.

मी म्हटलं, "असलं मी रोज बोलतो की!"

"बोलता की," ती म्हणाली, "पण त्यांचं संपतं!"

*

भाग संपला की लेखकांची नावं येतात, आणि नेमके तेव्हाच सगळे चहाला उठतात. मी पायरीवरनं आत येऊन एकट्यानं नावं मोजली. चार!

"एका विनोदाला चार माणसं? मी एकटा करतो!"

मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाला, "त्ये कळतंय."

*

परवा तात्या विजारीचं माप द्यायला उभे राहिले. टेप पोटावर आली तसा त्यांनी श्वास आत ओढून धरला. छत्तीस! मास्तरनं लिहिलं. माझ्या जिभेवर आलंच होतं, पण मी पायरीवरची विद्या काढली. एक... दोन... तीन... तात्या लालबुंद!

मग म्हटलं, "मास्तर, दोन शिवा. एक श्वास घेतल्यावर घालायची, एक सोडल्यावर!"

तात्यांचा सगळा श्वास एकदम सुटला. हसले! मिशीचं सोडा, पोट हललं, टेप मास्तरच्या हातनं निसटली!

डोळे पुसत म्हणाले, "गड्या, ह्यो कितव्या भागातला रं?"

माझी जी जळली म्हणता! तोंडाला आला तो आकडा फेकला, "एकोणिसाव्या!"

दुसऱ्या दिवशी तात्या येऊन शेजारी बसले. मिशीवरनं हात फिरवला. मग म्हणाले, "बघितला एकोणीस. त्यांनी लय भारी केलाय!"

तेव्हापासून एकोणिसावा भाग मी चार वेळा बघितलाय, त्यात ती विजार शोधत. पार नावं संपेपर्यंत!