समाधानी नागरिक

तक्रारीच्या ॲपचं वेड मला निवृत्तीनंतर लागलं. आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, त्याचं प्रात्यक्षिक आता हातात आलं असं वाटायचं. बंद दिवा, फुटलेला नळ, दिसेल त्याचा फोटो काढून मी तक्रार टाकायचो. गल्लीत कुणी ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ म्हटलं की मी त्याच्याशी भांडायचो. मूर्ख होतो, दुसरं काय.

आमच्या फाटकासमोरच्या गडरच्या, म्हणजे सांडपाण्याच्या गटाराच्या, चेंबरचं झाकण फुटलं तेव्हा गल्लीनं नेहमीचा उपाय केला. बाभळीची फांदी खोचली आणि तिला लाल चिंधी बांधली. मला ते मागासलेपण वाटलं. मी तक्रार टाकली.

आठवड्यानं वॉर्डातला माणूस हातगाडीवर सिमेंटचं झाकण घेऊन आला. त्यानं फांदी उपटून फेकली, झाकण बसवलं, फोटो काढला. मग माझ्या मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला. तो आकडा दिला की तक्रार सुटल्याची नोंद होते, हे मीच गल्लीला शिकवलं होतं. माणूस खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

“सर, झाकण एकच आहे. दुसऱ्या गल्लीतही हेच दाखवाचं आहे. तुमचं उद्या पक्कं बसवतो. आज क्लोज नाही झालं तं मले वर उत्तर द्यावं लागते.”

मी आकडा सांगितला. तो घामाघूम झाला होता, अदबीनं बोलत होता, आणि दारात आलेल्याला नाही म्हणायची मला सवय नाही. लगेच मोबाईलवर उमटलं, नागरिक समाधानी. तो झाकण गाडीवर चढवून निघून गेला.

फांदी परत खोचायला हवी होती. पण सुटलेल्या तक्रारीवर फांदी खोचायची लाज वाटली. संध्याकाळी शेजारच्या बाईंनी विचारलं, तर मी मोबाईल दाखवून काम झालं म्हणालो. उद्याचं आजच सांगितलं, असं मनाला समजावलं.

बाई रामदासपेठेतल्या एका मेसमध्ये पोळ्या करायच्या. पहाटे अंधारातच निघायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा पाय चेंबरमध्ये गेला आणि मांडीचं हाड मोडलं.

मी पुन्हा तक्रार टाकली. उत्तर आलं की या जागेची तक्रार नागरिकाच्या संमतीनं बंद झाली आहे. तो नागरिक मी. कुणावर ओरडायचं तेच कळेना. झोन ऑफिसात गेलो तर तिथल्या मुलीनं माझीच संमती मला पडद्यावर दाखवली. झाकण अजून आलेलं नाही. गल्लीनं दुसरी फांदी खोचली, मला न विचारता.

बाईंना भेटायला गेलो. मांडीत रॉड घातलेला, उशीला टेकून बसल्या होत्या.

“तुमची काय चूक, सर. मोबाईलवर तं झालं होतं. मीच नीट पाह्यलं नाही.” मग म्हणाल्या, “मेसवाल्यानं दुसरी बाई ठेवली. त्याच्यासाठी मोबाईलवर काही टाकता येते का?”

बघतो, म्हणालो. ओटीपी मी दिला होता, हे सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्यांच्या सुनेनं चहा आणला. मी तो प्यालो आणि घरी आलो.