मारोतभाऊचा खर्ज

ही गोष्ट माझ्या बायकोलाही कधी कळली नाही, आणि तिच्यापासून मला साधी बिडी लपवता आली नव्हती. मग एवढी मोठी गोष्ट कशी लपली? कुणी विचारलंच नाही, असं म्हणालो असतो — पण ते खरं नाही. एका माणसानं विचारलं होतं. त्याच्यापाशीच यायचं आहे. जरा आडवाटेनं येतो. सरळ जायची हिंमत असती तर तेव्हाच गेलो असतो.

पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं गाव कुरखेड्यापासून दोन कोसांवर. धान कापून झालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरायची, आणि मंडईत भरदुपारी दंडार — नाच, गाणी, सोंगं, आणि चारही बाजूंनी माणसं. आमच्या दंडारीत पेटी माझी आणि राजाचं काम मारोतभाऊचं. जातीनं ढिवर, तलावात जाळं टाकणारा, उन्हानं रापलेला, बुटका माणूस. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, पण आमच्याकडे भावाला अहो-जाहो करत नाहीत. अंगावर राजाचा झगा चढला तरी तो राजा वाटायचा नाही. गायला लागला की वाटायचा. त्याचा आवाज खालचा होता, खर्जातला. बाकीचे गाणारे वर चढून ओरडायचे. हा खाली उतरायचा, आणि मंडईतले चिवडा खाणारेसुद्धा हात थांबवून ऐकायचे. मी लहानपणापासून त्या आवाजावर जीव टाकत आलो. पेटी शिकलो तीही त्याच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून.

आणि त्याच माणसाचं मी — पण आधी पेटीचं सांगतो.

जुन्या पेटीला वाळवी लागली. मंडळानं ठरवलं, नवी घ्यायची. पैसे होते, त्याची अडचण नव्हती. निवड माझ्यावर सोपवली. वडशाहून छोट्या गाडीनं मी चांद्याला गेलो. निघताना मारोतभाऊ नाक्यापर्यंत पोचवायला आला. त्यानं एवढंच सांगितलं, खर्ज पाहून घे, बाकी तुझी मर्जी.

दुकानात दोन पेट्या माझ्यासमोर आल्या. एक हलकी, पाटीएवढी, काखेत मारून चालता येईल अशी. आवाज गोड, पण बारीक. दुसरी दुहेरी सुरांची, खर्जाच्या वेगळ्या रांगेची. तिचा खालचा सूर मी दाबला आणि मांडीखालची फळी थरथरली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, मारोतभाऊ इथंच मागे उभा आहे. हीच घ्यायची, दुसरी बघायचीसुद्धा नाही.

मग मी ती उचलली.

दुकानापासून रस्त्याच्या वळणापर्यंत नेऊन पाहिली, आणि परत येईस्तोवर खांदा भरून आला. आता आमच्या दंडारीची रीत सांगायला हवी. ज्याचं वाद्य, त्याच्याच खांद्यावर. बैलगाडीत पेटी ठेवायची नाही, चाकोरीच्या धक्क्यांनी सूर हलतात. दुसऱ्याच्या खांद्यावर दिली तर वाजवणाऱ्याची शोभा जाते. ढोलकीवाला तापानं फणफणला असतानाही ढोलकी सोडत नसे. मंडईच्या दिवसांत रोज तीन-चार कोस चालणं, रान, खोब्रागडी नदीचं पाणी कमरेपर्यंत. मी अंगानं काडी. ती पेटी घेऊन मी नदीत धडपडतोय, आणि काठावर सगळे हसतायत — हे चित्र त्या रस्त्याच्या वळणावर मला इतकं स्पष्ट दिसलं! आवाजाचं मोल मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. म्हणून तर ही चूक नव्हे. कळून केलं.

हलकी घेतली. आणि येताना गाडीत खोटं तयार केलं. गावात सांगितलं, मोठी पेटी होती, पण तिच्या खर्जाचे सूर खराब निघाले, भाताही फुटका. सगळ्यांनी मानलं. मारोतभाऊनं नवी पेटी मांडीवर घेतली, लेकरासारखी थोपटली आणि म्हणाला, छान आणली.

तुम्हाला वाटेल, एवढ्यानं काय बिघडतं? मलाही तेच वाटलं. पण मोकळ्या मैदानात त्या पेटीचे खालचे सूर पाच हातांवर विरून जात. ऐकू यावं म्हणून मी पट्टी चढवली — आधी एक सूर, मग दोन, मग तीन. मारोतभाऊ माझ्यामागून वर चढला. त्याचा गळा त्या उंचीचा नव्हता. पहिल्या वर्षी शिरा ताणल्या. दुसऱ्या वर्षी एका मंडईत, राजाच्या ऐन गाण्यात, त्याचा आवाज फाटला. लोक हसले. फार नाही, थोडेच. पण तो नंतर झग्यातच बसून राहिला, आणि मी पेटीचा भाता पुन्हा पुन्हा बंद करत राहिलो, काहीतरी अडकलंय असं दाखवत.

परत येताना रानात तो माझ्याबरोबर मागे राहिला. मला वाटलं, आता पेटीचा विषय निघणार. तो म्हणाला, "नत्थू, माहा गळा गेला रे. तुह्या पेटीले बोल लागू नको देऊ. पुढच्या साली दुसऱ्याले राजा करा."

तेव्हा सांगायला किती शब्द लागले असते? चार. पेटी खांद्यावर होती, इतकी हलकी की तिची आठवणही राहत नव्हती. मी म्हणालो, होतं असं, भाऊ, वयानं होतं.

वयानं! चाळिशीचाच तर होता तो.

त्यानंतर त्यानं राजाचं काम सोडलं. मागे बसून टाळ वाजवायचा. तेही ठीक होतं. पण त्यानं गाणंच सोडलं. पूर्वी पहाटे तलावावर जाळं ओढताना त्याचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. आता नुसती पाण्याची चुळबूळ. त्याच्या बायकोनं, लक्ष्मीबाईनं, एकदा मला वाटेत थांबवलं. हे घरात गुणगुणतबी नाईत, म्हणाली, तुमी तरी सांगा. मी हो म्हणालो. सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

चारेक वर्षं गेली. आमच्या बाजूच्या एका शाळेत नवी पेटी आली, मोठी, दुहेरी सुरांची, आणि मास्तरांनी मला ती पाहायला बोलावलं. मारोतभाऊ त्याच गावाला मासे द्यायला निघाला होता, बरोबर आला. दुपारची वेळ, पोरं सुटलेली. मी खालचा सूर दाबला. चांद्याच्या दुकानात ऐकला होता तोच आवाज. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मारोतभाऊ दारात उभा होता. त्यानं टोपली खाली ठेवली, आत आला, भिंतीला टेकून बसला. मी न विचारता त्याची जुनी पट्टी धरली. तो आधी नुसता ऐकत होता. मग गायला लागला.

गळा शाबूत होता. जसाच्या तसा. खाली, आणखी खाली, कुठंही न फाटता. मास्तर लिहिता लिहिता थांबले. मी मान वर केली नाही, बोटं तेवढी चालवत राहिलो, आणि मला कळत होतं की चार वर्षं मी या माणसाचा आवाज त्याच्यापासून लपवून ठेवला होता.

गाणं संपलं तेव्हा तो लाजल्यासारखा हसला. पेटीच्या लाकडावरून हात फिरवला. मग अगदी सहज विचारलं, "तवाची ते चांद्याची मोठी पेटी अशीच वाजली असती का रे? सूर खराब नसते तं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय होता का? आजवर ठरवता आलं नाही. संशय असता तर बरं झालं असतं. मला वाटतं, फक्त उत्सुकता होती.

मी म्हणालो, "नाई, भाऊ. ते एवढी चांगली नोती."

"असं," तो म्हणाला. टोपली डोक्यावर घेतली आणि मासे खराब होतील म्हणून भरभर चालू लागला. पुढे कैक वर्षं जगला. त्याच्यासमोर रोज बसलो, बिडी ओढली, त्याच्या मुलीच्या लग्नात पेटी वाजवली. तो पुन्हा कधी गायला नाही.